टेक्ससमध्ये शिकारीचं लायसन्स: आधी कोर्स, मग लायसन्स, बंदूक सगळ्यात शेवटी

तुम्ही विचारलंय की तुम्ही डॅलसजवळ राहता, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात आणि ऑफिसमधल्या एकाने नोव्हेंबरात त्याच्या रँचवर, म्हणजे खासगी माळरानावर, हरणाच्या शिकारीला बोलावलंय. तर हंटर एज्युकेशनचा, म्हणजे सुरक्षित शिकारीच्या शिक्षणाचा, कोर्स करावाच लागतो का, तो ऑनलाइन चालतो का, आणि अकरा वर्षांच्या मुलाला सोबत नेता येईल का? मी बरीच वर्षं टेक्ससमध्ये आहे आणि हा कोर्स मीही एच-१बीवर असतानाच केला. त्यामुळे तुम्ही न विचारलेली एक गोष्टही सांगणार आहे. ती कोर्सपेक्षाही महत्त्वाची आहे, म्हणून उत्तर लांबलं तरी तेवढी नक्की वाचा.

हो, कोर्स लागतो. ज्याचा जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर झालाय, त्याला टेक्ससमध्ये शिकार करायची तर हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र हवं. तारीख विचित्र वाटते, पण हिशेब सोपा आहे. कोर्स सक्तीचा झाला १९८८ साली, आणि तेव्हा जे सतरा वर्षांचे झालेले होते त्यांना वगळलं. म्हणून रँचवरच्या एखाद्या आजोबांनी जन्मात कोर्स केलेला नसला तरी ते कायद्यात बसतात. त्यांचं ऐकून 'काही लागत नाही हो' असं समजू नका.

सतरा वर्षं पूर्ण असलेल्याला सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो. टेक्सस पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कोर्सची यादी आहे. त्यातूनच निवडा, गूगलवर पहिलं दिसेल ते घेऊ नका. एक बारकावा लक्षात ठेवा. लायसन्स विकत घेताना दुकानातला माणूस प्रमाणपत्र मागेलच असं नाही. ते मागतो गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी, रानात. तेव्हा ते तुमच्याजवळ असावं लागतं. टेक्ससचं प्रमाणपत्र इतर राज्यांतही चालतं, त्यामुळे उद्या नोकरी बदलून कोलोरॅडोला गेलात तरी परत कोर्स करायला नको. तिकडे तर १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्या प्रत्येकाला तो लागतो.

आता ती न विचारलेली गोष्ट. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बी, एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. विकत घेणं दूरच राहिलं, मित्राने नेमबाजीच्या रेंजवर 'मार की दोन गोळ्या' म्हणून हातात दिली तरी तो ताबा धरला जाऊ शकतो. याला मोजके अपवाद आहेत. त्यातला आपल्यासारख्यांना उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे इतरांसाठी जे नुसतं हरीण मारायचं परमिट आहे, ते तुमच्यासाठी बंदुकीला हात लावायचं परमिटसुद्धा आहे. या गुन्ह्याला २०२२ पासून जास्तीत जास्त पंधरा वर्षांची कैद आहे, आणि शस्त्रांच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं ते वेगळंच. आपली माणसं वीकएंडला हौसेने रेंजवर जातात, फोटो काढून फेसबुकवर टाकतात, आणि यातलं त्यांना काही ठाऊक नसतं. ते बघून मला खरंच काळजी वाटते.

टेक्ससचं लायसन्स कुठल्याही तारखेला घेतलं तरी साधारणपणे ३१ ऑगस्टला संपतं. पुढेमागे स्वतःची रायफल घेतलीत आणि नवं लायसन्स घ्यायचं विसरलात, तर १ सप्टेंबरला कपाटातली तीच रायफल गुन्हा ठरू शकते. नव्या हंगामाची लायसन्स १५ ऑगस्टच्या आसपास विक्रीला येतात, तेव्हाच घेऊन टाका. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ही अट राहत नाही. तोवर मात्र स्वतःची बंदूक घ्यायचा विचार असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलून घ्या. त्याची फी इथे वाया जात नाही.

तुमचा सहकारी कदाचित म्हणेल, 'डिफरल घे आणि चल.' तशी सोय आहे खरी. सतरा वर्षांवरच्या माणसाला दहा डॉलर भरून आयुष्यात एकदाच कोर्स त्या हंगामापुरता पुढे ढकलता येतो. अट एवढीच की सोबत लायसन्स असलेला, सतरा वर्षांवरचा आणि स्वतः कोर्स केलेला किंवा जन्मतारखेमुळे सूट असलेला शिकारी हवा. कायद्यात बसतं, पण माझं मत विचाराल तर तुम्ही हे करू नका. इथली मुलं आठ-नऊ वर्षांची असल्यापासून आजोबांच्या मागे रानात हिंडलेली असतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंदच आहे. एनसीसीत पालथं पडून झाडलेल्या चार गोळ्या सोडल्या तर आपल्यातल्या बहुतेकांनी बंदूक जवळून पाहिलेलीही नसते. कोर्सची खरी गरज आपल्यालाच आहे.

आणि जमलं तर नुसतं ऑनलाइन करू नका, वर्गात बसून करा. मी वर्गात केला. शिकवणारे बहुतेक स्वयंसेवक असतात, आमचे गुरुजी निवृत्त शाळामास्तर होते. त्यांनी टेबलावर बारा गेजच्या (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप, आकडा मोठा तितकी नळी बारीक) शॉटगनची सुटी नळी ठेवली आणि पिवळ्या रंगाचं, जरा बारीक काडतूस तिच्यात टाकलं. ते मागच्या बाजूने सरकत आत गेलं आणि पुढे नळीत अडकून बसलं. मग त्यांनी मागून नळीत बघायला सांगितलं. नळी रिकामीच वाटत होती, आणि मागे बारा गेजचं लाल काडतूस आरामात बसत होतं. घाईत एखाद्याने असं दुसरं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते, तीही डाव्या हाताच्या बोटांपाशी. पिवळं काडतूस वीस गेजचं होतं. वीस गेजची काडतुसं पिवळी करायची पद्धत पडली ती याच घोटाळ्यामुळे. ऑनलाइन कोर्समध्येही हे एका चित्रात येतं, पण नळीत अडकलेलं काडतूस डोळ्यांनी बघितलेला माणूस दोन गेजची काडतुसं एका खिशात कधीच ठेवत नाही.

दुसरं, कुंपण. टेक्ससची जवळजवळ सगळी जमीन खासगी, म्हणजे पावलोपावली काटेरी तार. एकटे असाल तर आधी बंदूक रिकामी करायची, ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायचा भाग, उघडी ठेवायची, बंदूक तारेखालून पलीकडे जमिनीवर ठेवायची, नळीचं तोंड आपल्यापासून लांब. मग आपण दुसऱ्या जागेवरून ओलांडायचं. दोघं असाल तर एकाने दोन्ही रिकाम्या बंदुका धरायच्या. हे आम्हाला मैदानावर नकली बंदुकांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं, आणि दर वेळी कोणाची तरी नळी कोणाच्या तरी पोटाकडे वळत होती. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि नेम धरण्याआधी लक्ष्यामागे काय आहे ते बघायचं. हे चार नियम पाठ करायला पाच मिनिटं लागतात, हाताला वळण लागायला मात्र कोणीतरी समोर उभं राहून टोकावं लागतं. लक्ष्यामागचं बघायचं कारणही ऐका: पॉइंट टू-टू या छोट्या रायफलची एवढीशी गोळीसुद्धा मैलाच्या पुढे जाते. कुठल्या कोर्समध्ये खरा गोळीबार असेल तर मात्र तुमचं लायसन्स आधी हातात असू द्या.

मचाणावर बसवणार असतील तर कमरेचा पट्टा नव्हे, पूर्ण अंगाचा हार्नेस मागा. वर चढताना बंदूक खांद्यावर नको. ती रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायची. शिकारीतल्या गंभीर दुखापतींमध्ये गोळीइतकंच मचाणावरून पडणंही मोठं कारण आहे, आणि नवख्याच्या ते डोक्यातच नसतं. नारिंगी जाकीट खासगी जमिनीवर सक्तीचं नाही, सार्वजनिक शिकारीच्या जमिनींवर आहे. तुम्ही रँचवरही घालाच. हरणाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, माणसाला दिसतो.

लायसन्सबद्दल थोडक्यात. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर रहिवासी धरतात आणि साधं लायसन्स पंचवीस डॉलरला मिळतं. बाहेरच्या राज्यातल्याला तेच तीनशे डॉलरच्या वर जातं. लायसन्ससोबत हरणावर लावायच्या चिठ्ठ्या, म्हणजे टॅग, येतात. हरीण पडल्यावर लगेच त्यावर टॅग लावायचा आणि टॅगवरचा महिना नि तारीख कापून काढायची. तारीख पेनाने लिहून चालत नाही. बऱ्याच काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, नर मारायचा तर शिंगांमधलं आतलं अंतर निदान तेरा इंच, किंवा एक शिंग फाटा न फुटलेलं, अशी अट आहे. खात्याच्या 'आउटडोअर ॲन्युअल' ॲपमध्ये काउंटीप्रमाणे नियम दिसतात, रँचची काउंटी टाकून बघून घ्या. आणि खाण्याजोगं मांस टाकून देणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे घरी मटण कोण साफ करणार, फ्रीजरमध्ये जागा आहे का, हे आधीच ठरवा.

मुलाचं असं: नऊ ते सोळा वयाच्या मुलाने कोर्स केलेला असावा, किंवा सोबत लायसन्स आणि कोर्स असलेला मोठा माणूस असावा. 'सोबत' म्हणजे साध्या आवाजात हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्या वयाला नुसता ऑनलाइन कोर्स पुरत नाही, वर्ग किंवा मैदानावरचा भाग करावाच लागतो. मुलांचं लायसन्स सात डॉलरला आहे. तो इथे जन्मलेला असेल तर व्हिसाचा प्रश्नच नाही. एच-४ वर असेल तर वरची केंद्रीय कायद्याची अट त्यालाही आहे, म्हणून लायसन्स निघेपर्यंत त्याच्या हातात कोणी बंदूक देऊ नये, हे यजमानाला स्पष्ट सांगा.

वर्ग शरद ऋतूत भराभर भरतात, तेव्हा बापलेक दोघांनी मिळून सप्टेंबरातलाच एखादा शनिवार पकडा. नाहीच जमलं तरी रँचवर जायला हरकत नाही. शिकार न करता नुसतं सोबत बसणाऱ्या पाहुण्याला कोर्सही लागत नाही आणि लायसन्सही नाही, फक्त कोणी बंदूक पुढे केली तर घ्यायची नाही.