टीम स्क्रीनवर दिसते, पण सोबत आहे असं वाटत नाही

प्रश्न: ताई, मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. टीममध्ये ११ जण, त्यातले ६ हिंजवडीच्या ऑफिसला आठवड्यातून दोन दिवस येतात, ज्याला जो दिवस जमेल तो, आणि बाकीचे ५ नागपूर, लातूर, सांगलीहून घरूनच काम करतात. कामं वेळेत होतात, तक्रार नाही. पण मीटिंगला सगळ्यांचे कॅमेरे बंद, काही विचारलं की "हो मॅम, चालेल", बास. एचआरने दर शुक्रवारी ऑनलाइन गेम्स ठेवले तर तिथे पण तीनच डोकी. मागच्या महिन्यात सांगलीच्या मुलाने राजीनामा दिला, आठ महिने होता, आणि जाताना म्हणाला, मॅम, अर्ध्या टीमशी मी कामाशिवाय एकदाही बोललो नाहीये. तेव्हापासून मनातून जात नाहीये. काय चुकतंय माझं?

उत्तर: त्याने खरं सांगितलं हे फार बरं झालं, बहुतेक जण "चांगली ऑफर आली" एवढंच सांगून निघून जातात. पण सगळा दोष स्वतःवर घेऊ नका, आणि घरून कामालाही देऊ नका. चीनमधल्या ट्रिपडॉटकॉम या प्रवास-बुकिंग कंपनीत १६१२ जणांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलाय, त्यात दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने कमी झालं, प्रमोशनलाही फटका नाही. मात्र त्यांचे घरचे दिवस ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार, बाकी तीन दिवस सगळे ऑफिसात.

तुमच्याकडे नेमकं इथेच बिनसलंय असं मला वाटतं. ज्याला जमेल तो दिवस म्हणजे माणूस हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून तासभर घासून येतो आणि बघतो तर आपल्या टीमचा एकच जण, मग हेडफोन लावून घरी बसलेल्यांशीच कॉल, ते तर घरून पण झालं असतं ना. दोन दिवस सगळ्यांचे एकच ठरवा, आणि त्या दिवशी मीटिंगा कमी, एकत्र बसून सोडवायची कामं जास्त. जेवायला सगळे एकत्र.

बाहेरगावच्यांचं जास्त अवघड आहे. त्याच चिनी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ ला आधीचा एक प्रयोग झाला होता, आठवड्याचे चार दिवस घरून. काम १३ टक्के वाढलं, पण तितकंच चांगलं काम करूनही घरून काम करणाऱ्यांना प्रमोशन कमी मिळालं आणि बरेच जण एकटेपणाला कंटाळून परत ऑफिसला आले. समोर नसलेला माणूस लक्षात राहत नाही हो, म्हणून दर महिन्याला प्रत्येकाने काय केलं ते लिहून ठेवा, अप्रेझलला आठवणीवर जाऊ नका. आणि ६ जण कॉन्फरन्स रूममध्ये, बाकीचे स्क्रीनवर अशी मीटिंग तर बंदच करा, खोलीतली कुजबुज पलीकडे ऐकूच जात नाही, सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन व्हा.

कॅमेऱ्याची सक्ती नको, कोणाच्या घरी एकच खोली असते, मागे आई-वडील, लहान मूल. गेम्स ज्यांना आवडतात त्यांच्यासाठी राहू देत. त्यापेक्षा दर आठवड्याला प्रत्येकाशी वीस मिनिटं एकटीने बोला, स्टेटस न विचारता, कुठे अडलंय, काय शिकायचंय, घरी कसं चाललंय. पहिले दोन-तीन वेळा "सगळं ठीक आहे मॅम" येईल, तरी सोडू नका. नवीन येणाऱ्याला पहिले तीन महिने टीममधला एक जण नेमून द्या, ज्याला तो फालतू वाटणारा प्रश्न पण विचारू शकेल.

तीन महिन्यांतून एकदा बाहेरगावच्यांना दोन दिवस कंपनीच्या खर्चाने पुण्याला बोलवा. बजेट नाही म्हणाले तर सांगलीच्या मुलाच्या जागी नवीन माणूस शोधून शिकवायला किती खर्च येतोय, तो आकडा काढून मॅनेजरपुढे ठेवा.

आणि ताई, नागपूर-लातूरचे जे चौघे उरलेत, त्यांच्याशी पहिलं बोलणं याच आठवड्यात करा.