सव्हॅनाला येताय? मग आधी जॉर्जियाचे जुने नियम समजून घ्या

नमस्कार ताई,

तुमचे तीन प्रश्न. ऑगस्टमध्ये पुण्याहून अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या सव्हॅनाला येताय, मिस्टरांची नोकरी बंदरावर, तर घर कुठं बघावं? लेक आठवीत जाणार, तिला 'जॉर्जिया स्टडीज' असा विषय आहे, त्याची शिकवणी पुण्यातच लावावी का? आणि तिसरा, जरा वैतागून विचारलेला: अडीचशे वर्षांच्या देशातल्या एका राज्याला वर्षभर पुरेल एवढा इतिहास असतो तरी कुठं?

मी मूळची अलिबागच्या खारेपाटातली. २०१४ पासून इथं सव्हॅनाच्या पश्चिमेला, पूलरमध्ये राहते. माझा मुलगा हाच विषय घेऊन आठवीतून बाहेर पडला. तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण घराचं उत्तरही त्यातूनच निघतं.

शिकवणी नको. वर्षाच्या शेवटी राज्याची परीक्षा असते खरी, पण सनावळी घोकून भागत नाही. 'असं का झालं' हे विचारतात. माझ्या मुलाने पहिल्या चाचणीत तारखा सगळ्या बरोबर लिहिल्या आणि मार्क मात्र निम्मेच आणले. चूक माझी होती, मीच त्याला आपल्या पद्धतीने पाठ करून घेतलं होतं.

अडीचशे वर्षांचं म्हणाल, तर तो गैरसमज माझाही होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅथ्यू चक्रीवादळ आलं, किनारा रिकामा करायला सांगितला. आम्ही गाडीत कागदपत्रं, कुकर आणि देव घेऊन आतल्या मेकन शहराला पळालो. हॉटेलात दोन दिवस बसून पोरं पेटली, म्हणून जवळच्या ओकमल्गीच्या टेकाडांवर नेलं. तिथं मातीखाली जपलेली एक गोल सभागृहाची खोली आहे. बुटक्या बोगद्यातून वाकून आत जायचं. आतली जमीन हजारेक वर्षांपूर्वीची, मूळची, चोपून घट्ट केलेली माती. भिंतीच्या कडेने ओळीने बसायच्या जागा आणि दारासमोर मोठ्या पक्ष्याच्या आकाराचा मातीचा ओटा. काचेपलीकडून ते बघताना माझ्या सासूबाई पटकन म्हणाल्या, "अगं, सारवलेलं वाटतंय." तेव्हापासून आमच्या घरात कुणी 'या देशाला इतिहास नाही' म्हटलेलं नाही. युरोपीय यायच्या आधी अशी टेकाडं रचणाऱ्या मूळ रहिवाशांची, मिसिसिपियन संस्कृती म्हणतात ती ही. मुलीला शाळा सुरू होण्याआधी एकदा तिथं न्या, सव्हॅनाहून अडीच तासांचा रस्ता आहे.

मधला भाग पटकन सांगते. १५४० मध्ये हेर्नांदो दे सोतोची स्पॅनिश टोळी या भागातून सोनं शोधत गेली. सोनं मिळालं नाही, मागे मारामाऱ्या आणि रोगराई राहिली. पुढे समुद्रकाठच्या बेटांवर इथल्या मूळच्या ग्वाले लोकांमध्ये स्पॅनिश पाद्र्यांची ठाणी शंभरेक वर्षं होती. म्हणजे इंग्रज आले ते मोकळ्या जागेत नव्हे.

आता मुख्य गोष्ट. तिच्यात मला खरंच रस आहे, म्हणून थोडं लांबेल.

लंडनमध्ये रॉबर्ट कॅस्टेल नावाचा वास्तुशास्त्रज्ञ कर्जापायी तुरुंगात पडला आणि तिथेच १७२८ मध्ये देवी येऊन मेला. त्याचा मित्र जेम्स ओगलथॉर्प हा पार्लमेंटचा सभासद. त्याने तुरुंगांच्या चौकशीची समिती चालवली, त्यातून गरिबांसाठी नवी वसाहत काढायची कल्पना पुढे आली. १७३२ मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाने सनद दिली, राज्याला नावही त्याचंच. पण अजून बरेच लोक सांगतात की जॉर्जिया ही कर्जबाजारी कैद्यांची वसाहत होती, तसं लेकीने पेपरात लिहू नये. पहिल्या जहाजावर तुरुंगातून सुटलेले कर्जदार जवळजवळ नव्हतेच. निवडून, पारखून आणलेली सुमारे ११४ माणसं होती: सुतार, शिंपी, व्यापारी, त्यांच्या बायकामुलं. राजाने हो म्हटलं त्यामागे दया थोडी आणि हिशोब जास्त होता. दक्षिणेला फ्लोरिडात स्पेन, उत्तरेला भाताच्या पैशाने गब्बर झालेलं साउथ कॅरोलायना, मध्ये आडोसा हवा होता. शिवाय इटलीला जाणारा रेशमाचा पैसा वाचवायचा होता. धर्मादाय, व्यापार, संरक्षण ही तीन कारणं लेकीला दिवाळीपर्यंत तोंडपाठ होतील.

आता नियम ऐका, आपल्या व्हिसाच्या अटी त्यापुढे बऱ्या वाटतील. खर्च करून आणलेल्या प्रत्येक कुटुंबाला ५० एकर: गावात घरासाठी ६० बाय ९० फुटांचा तुकडा, गावाबाहेर ५ एकर बाग, उरलेलं शेत. ती जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही. मुलगा असला तर त्याला मिळणार, मुलीला नाही. स्वतःच्या खर्चाने येणाऱ्यालाही ५०० एकरांच्या वर नाही. तुतीची झाडं लावायलाच हवीत. रम बंद. कॅथलिकांना मज्जाव. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुलाम ठेवायला बंदी, १७३५ चा कायदाच होता तसा. लंडनमध्ये बसून वसाहत चालवणाऱ्या ट्रस्टींच्या (विश्वस्तांच्या) शिक्क्यावर तुतीचं पान, रेशीमकिडा आणि लॅटिनमध्ये 'स्वतःसाठी नव्हे, इतरांसाठी' असं लिहिलेलं होतं.

१२ फेब्रुवारी १७३३ ला ही मंडळी नदीकाठच्या यामाक्रॉ कड्यावर उतरली. कडा पाण्यापासून चाळीसेक फूट उंच. तिथं आधीच टोमोचीची नावाच्या वयस्क प्रमुखाची वस्ती होती. बोलणी जमली ती मेरी मस्ग्रोव्हमुळे. तिची आई इथल्या क्रीक जमातीची, बाप इंग्रज व्यापारी, दोन्ही भाषा येणारी आणि जवळच दुकान चालवणारी बाई. ओगलथॉर्पचा पुतळा चौकात मोठा दिमाखात उभा आहे, पण मला विचाराल तर मेरी नसती तर गाव पहिल्याच वर्षी आटोपलं असतं. तिने पुढे आपल्या जमिनीच्या हक्कासाठी सरकारशी वर्षानुवर्षं भांडण घातलं आणि १७६० मध्ये सेंट कॅथरिन्स बेट पदरात पाडून घेतलं. घरी एक नि शाळेत एक भाषा बोलणाऱ्या तुमच्या लेकीला प्रकल्पासाठी हीच सुचवा. बाकी सगळी मुलं ओगलथॉर्प घेतात.

टोमोचीची १७३४ मध्ये लंडनला जाऊन राजाला भेटून आला. तो १७३९ मध्ये वारला. चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेच साल, आम्ही असंच लक्षात ठेवलं होतं. त्याला गावाच्या मधल्या चौकात मानाने पुरलं. दीडशे वर्षांनी त्याच चौकात, रेल्वे काढणाऱ्या एका बड्या गृहस्थाचं स्मारक उभारलं. मग लाज वाटून म्हणा, १८९९ मध्ये कोपऱ्यात टोमोचीचीच्या नावाचा एक ग्रॅनिटचा धोंडा ठेवला. तो चौक म्हणजे आजचा राइट स्क्वेअर. तिथं जाल तेव्हा आधी तो धोंडा शोधा.

पहिल्याच उन्हाळ्यात तापाची साथ आली, माणसं भराभर मरू लागली. गावचा डॉक्टरही गेला. जुलैमध्ये न सांगता एक जहाज लागलं, त्यात चाळीसेक ज्यू होते आणि त्यांत सॅम्युअल नुनेझ हे वैद्य. लंडनच्या ट्रस्टींना ज्यू नको होते. ओगलथॉर्पने डॉक्टर बघितला आणि त्यांना ठेवून घेतलं. त्या मंडळींनी स्थापलेली 'मिक्वे इस्रायल' ही ज्यूंची प्रार्थनासंस्था आजही मॉन्टेरे स्क्वेअरला आहे. नियम कागदावर कितीही कडक असला तरी गरज पडली की वाकतो, हे इथे पहिल्याच वर्षी दिसलं.

पण गुलामबंदी वाकली ती मात्र वाईट दिशेने. ही बंदी निव्वळ दयेपोटी होती असंही समजू नका. स्पेन फ्लोरिडात पळून येणाऱ्या गुलामांना स्वातंत्र्य देत होता, तेव्हा सरहद्दीवर गुलाम असणं म्हणजे सरहद्दच फितूर होणं, असा हिशोब होता. तरी जॉर्जियातल्याच डॅरियन गावच्या स्कॉटिश शेतकऱ्यांनी १७३९ मध्ये अर्ज करून सांगितलं की बंदी उठवू नका, कुणाला कायमच्या गुलामीत ठेवणं माणुसकीला धरून नाही. सव्हॅनाचे नाराज लोक उलट ओरडत होते: शेजारचे कॅरोलायनावाले बघा कसे श्रीमंत झाले. १७४२ मध्ये सेंट सायमन्स बेटावर स्पॅनिश सैन्य मागे हटलं आणि भीतीचं कारणच संपलं. रेशीम काही जमलं नाही. १७५१ पासून बंदी उठली, १७५२ मध्ये ट्रस्टींनी सनद राजाला परत केली. १७५० मध्ये पाचशेहून कमी गुलाम होते, १७७५ पर्यंत सुमारे १८,००० झाले. पंचवीस वर्षांत!

ते काय करत होते, हे मला पुस्तकापेक्षा नदीकाठी जास्त कळलं. आमच्याकडे खारेपाटात खाडीला बांध घालून उघाड्या बसवतात. भरतीला दार आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात येत नाही, ओहोटीला आतलं पाणी निघून जातं. इथेही जुन्या भातशेतीच्या बांधांच्या ओळी दलदलीत अजून दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपलंच! पण कल्पना उलटी आहे. भरतीचं जड खारं पाणी खालून नदीत घुसतं, वरचं गोडं पाणी उचललं जातं. त्याच वेळी लाकडी दार उघडून ते गोडं पाणी शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. दार फार खाली बसवलं तर पीक मिठाने मरणार, फार वर बसवलं तर भरतीच पोचणार नाही. भाताचं हे ज्ञान पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी आणलं, आणि कमरेपर्यंतच्या चिखलात ते बांध घालायलाही तेच. माझे आजोबा बांध घालताना स्वतःच्या शेतासाठी घालत होते, एवढा फरक डोक्यात ठेवून मी ते बघते.

त्यांचे वंशज गल्ला गीची म्हणून ओळखले जातात, त्यांची बोली नि जेवण अजून आहे. इथे तिळाच्या पातळ कुरकुरीत गोड चकत्या मिळतात, 'बेनी वेफर'. ते तीळही आफ्रिकेहून आलेले. नव्या वर्षाला चवळी-भात करतात. संक्रांतीला मी शेजारणीला तिळगूळ दिला, तिने मला बेनीचा डबा दिला, फार बोलावं लागलं नाही.

आता घर. या भागात पुष्कळ वसाहतींच्या नावात 'प्लँटेशन' आहे. छान कमान, कारंजं, पहारेकरी. ते नाव कशावरून आलं हे आता तुम्हाला माहीत आहे, राहायचं की नाही तुमचं तुम्ही ठरवा. पण नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जमीन किती उंच आहे ते विचारा. ओगलथॉर्पने कडा निवडला तो उगाच नाही. दलदलीच्या काठचं घर फोटोत सुंदर दिसतं. आम्ही आमचं पहिलं घर तसंच भाड्याने घेतलं, एजंटाने पुराच्या विम्याचं चकार शब्दाने सांगितलं नाही, आणि वादळात गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी. पुराचा नकाशा स्वतः बघा. बंदराची नोकरी म्हणजे पूलर किंवा आसपास सोयीचं. गावातल्या चौकांजवळ राहायचं तर भाडं जास्त आणि पार्किंगची मारामार, पण तो आराखडा १७३३ चाच आहे. त्याच आराखड्यावर पुढे वाढत गेलेल्या २४ पैकी २२ चौक शिल्लक आहेत, आणि चालत शाळेत जाता येईल अशी अमेरिकेत विरळा जागा.

मराठी मंडळी इथे मोजकीच, गणपतीला आम्ही कुणाच्या तरी घरीच जमतो. मोठं मंडळ अटलांटाला, गाडीने चार तास.

शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडते, तेव्हा आठवडाभर आधी या. वर्मस्लोला चक्कर मारा. पहिल्या जहाजातून आलेल्या नोबल जोन्सचं पडकं घर आहे. भिंत टॅबीची, म्हणजे कालवांच्या शिंपल्या जाळून केलेला चुना, वाळू, पाणी आणि अख्ख्या शिंपल्या. जवळून पाहिलं की एकेक शिंपली मोजता येते. सकाळी लवकर जा आणि पायभर कपडे घाला. तिथली बारीक चावरी चिलटं डोळ्याला दिसत नाहीत, पण ओडोमॉसलाही जुमानत नाहीत.