पवळी बोलते की मीच माझ्याशी बोलते?

प्रश्न : नमस्कार काका, मी मूळची डोंबिवलीची, लग्न होऊन देवगड तालुक्यात आले त्याला बारा वर्षं झाली. सासूबाई गेल्यापासून गोठा माझ्याकडे आहे, एक गाय पवळी आणि तिची पाडी. मला पवळीचं कधीकधी आतूनच कळतं. गेल्या पावसात रात्री दोनला खाडकन जाग आली, समुद्राची गाज सोडली तर सगळं एकदम शांत, आणि मनात आलं की पवळीला काहीतरी झालंय. जाऊन बघते तर दावं पायात अडकून ती आडवी पडलेली, दमून निपचित. मिस्टर बाजूलाच गाढ झोपले होते, एरवी तिच्या घंटेने झोप येत नाही म्हणून त्यांची तक्रार असते, आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेली मोठी घंटा आहे ती, पण त्या रात्री त्यांना काही कळलं नाही आणि मला कळलं. नंतर मात्र तीनदा असंच वाटलं आणि काही नव्हतं, ती आपली रवंथ करत बसलेली. आता मिस्टर रोज विचारतात, आज काय म्हणते तुझी पवळी. एक ऑनलाइन कोर्स घेणाऱ्या बाई सांगतात की नुसत्या फोटोवरूनही प्राण्याशी बोलता येतं, फक्त शंका घ्यायची नाही, मनात पहिलं येईल तेच खरं. मी माझ्या फीलवर विश्वास ठेवू की नको?

उत्तर : ताई, पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी त्या घंटेपाशी अडलो. सगळं शांत होतं असं तुम्हीच लिहिलंय, मग घंटा कुठे गेली? डास हाकलताना, मान वळवताना रात्रभर जी वाजत असते ती त्या रात्री वाजत नव्हती. मी काही तिथे नव्हतो, पण माझा अंदाज असा की तुम्हाला त्या शांततेनेच उठवलं. तान्ह्या बाळाची आई मिक्सरच्या आवाजात झोपते आणि बाळाने नुसतं कुंईं केलं की उठून बसते, तसंच हे. कानाने झोपेत हिशोब केला आणि तुम्हाला फक्त उत्तर कळवलं. म्हणून मिस्टरांना हसू द्या, तुमचा फील खोटा नव्हता.

मी पण असाच हसायचो एकेकाळी. गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीच्या सुरुवातीला मालवणकडच्या एका वाडीत गाभण गाय बघायला गेलो होतो, रजिस्टरप्रमाणे नऊ दिवस बाकी होते, आणि घरातली म्हातारी म्हणाली, "ही आज रातीक व्यातली, तू जाव नको." मी तिला २८० दिवसांचा हिशोब समजावून सांगितला (तिला! जिच्या गोठ्यात माझ्या वयापेक्षा जास्त वासरं झाली असतील) आणि घरी आलो. रात्री दोनला मला मोटरसायकलवरून परत न्यायला माणूस आला, वासराचा पाय वळला होता. वाचलं, पण गायीचे जे हाल झाले ते माझ्यामुळे. सकाळी विचारलं, आजी तुम्हाला कळलं कसं, तर म्हणाली, "तिनाच सांगल्यान माका."

बऱ्याच दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला. माझ्याशी बोलताना म्हातारीचा हात सारखा गायीच्या शेपटीच्या मुळाशी जात होता. तिथे दोन्ही बाजूंना एरवी दोरीसारखं ताठ लागतं, व्यायच्या एखाद-दोन दिवस आधी ते ढिलं पडून खळगा होतो. शिवाय गाय बाकीच्या गुरांपासून बाजूला उभी होती, मागे वळून कुशीकडे बघत होती. म्हातारीने हे सगळं वाचलं होतं पण सुटं सुटं मोजलं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी ते गायीचं सांगणंच होतं. मला त्यात काही खोटं वाटत नाही.

आता फोटोचं. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, टाप आपटून गणितं सोडवायचा, लोक बघायला गर्दी करायचे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने नीट तपासलं तेव्हा कळलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल तर हान्स चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा तिथेच थांबायचा. मालक लबाड नव्हता, त्याला स्वतःलाच हे माहीत नव्हतं. बिचाऱ्या हान्सला लोकांनी मग फसवा ठरवलं, पण मला विचाराल तर माणसाचं एवढं बारीक हलणं वाचणारा घोडा गणितवाल्या घोड्यापेक्षा भारी. फोटोत मात्र कान हलत नाहीत, श्वास दिसत नाही, वास येत नाही, तिथे ऐकू येतो तो आपलाच आवाज. त्या कोर्सला पैसे घालू नका.

आणि शंका घ्यायची नाही हे तर मला अजिबात पटत नाही. सकाळी धारेच्या आधी दहा मिनिटं फोन घरात ठेवून पवळीसमोर नुसतं बसा. नाकपुडी ओली आहे का, कान कुठे वळतात, रवंथ करताना एक घास किती वेळा चावते (पन्नासच्या आसपास धरा, पण तिचा स्वतःचा आकडा शोधा). मग जे वाटेल ते कॅलेंडरच्या चौकटीत दोन शब्दांत लिहा, तपासायच्या आधी लिहा हं, नंतर लिहिलं की आपण आपल्याला सोयीचं लिहितो. ताप वाटला तर थर्मामीटर लावा, साधारण १०१-१०२ फॅरनहाइट म्हणजे ठीक. दोन-तीन महिन्यांत तुम्हालाच दिसेल की तुमचं कशात बरोबर येतं आणि कशात नाही. माझं स्वतःचं पोटाच्या दुखण्यात बरोबर यायचं आणि माजाच्या बाबतीत हमखास चुकायचं. ते तीन फुकट गेलेले हेलपाटे पण लिहा, आणि पुन्हा वाटलं तर पुन्हा जा, टॉर्च घेऊन गोठ्यात जायला काय पैसे पडतात?

एकाच ठिकाणी फीलचं ऐकू नका. फणसाच्या दिवसात गाय लाळ गाळायला लागली, खाईना, की सगळे म्हणतात घशात साल अडकलं आणि तोंडात हात घालतात. पिसाळलेल्या गुराचंही सुरुवातीला असंच दिसतं. हात घालायचा नाही, १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करायचा.

प्रश्न : ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्या दिवशी सकाळपासून आमचा कुत्रा पलंगाखालून बाहेर येईना. त्याला आधीच कळलं होतं ना? (श्रीवर्धन)

उत्तर : कळलं असेल, वास आणि लांबचे आवाज त्याला आपल्या खूप आधी कळतात. पण दादा, इशारा तर आधीपासूनच होता, तुम्ही पत्रे बांधत असाल, घरात सगळ्यांचे आवाज चढलेले असतील. हान्सला नुसतं डोकं हललेलं कळायचं, तुमच्या कुत्र्याला अख्खं घर घाबरलेलं कळलं नसेल? आणि वादळ न येता तो किती वेळा पलंगाखाली गेला ते आठवतंय का? यंदाच्या पावसात तेवढं लिहून ठेवा आणि मला कळवा, मला खरंच बघायचंय.