संगणक शंकासमाधान : लिनक्सवर संकेतस्थळाची तयारी

प्रश्न : तासगाव परिसरातील आमच्या द्राक्ष बागायतदार मंडळाचे वीसेक पानांचे साधे संकेतस्थळ मी सांभाळतो. पाने पूर्वी विंडोजवर तयार केली होती. आता ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातले आहे. फाइलवर क्लिक करून पान उघडले की सजावट उडते आणि विंडोजवर दिसणारी काही छायाचित्रेही दिसत नाहीत. कोणी नोड घ्या म्हणते, कोणी डॉकर. नेमके काय बसवावे?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आधी या दोन तक्रारी निकालात काढू, कारण त्यांसाठी नवे काहीच बसवावे लागत नाही. पानात सजावटीच्या फाइलचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू होत असेल, तर सर्व्हरवर त्याचा अर्थ संकेतस्थळाचे मूळ फोल्डर असा होतो. पान थेट फाइल म्हणून उघडले की ब्राउझर तीच फाइल डिस्कच्या मुळाशी शोधू लागतो आणि ती तिथे अर्थातच नसते. म्हणून पाने नेहमी लॅपटॉपवरच्याच छोट्या सर्व्हरमार्फत पाहावीत. मिंटमध्ये पायथन असतोच; संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून त्याचे ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ हे मॉड्यूल चालवले की लोकलहोस्टच्या, म्हणजे याच लॅपटॉपच्या, ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पाने व्यवस्थित दिसतात.

छायाचित्रांचे कारण बहुधा नावांत आहे. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलच्या शेवटी ‘जेपीजी’ ही अक्षरे अनेकदा मोठ्या रोमन लिपीत असतात आणि पानात आपण ती लहान टंकतो. हा फरक विंडोज पोटात घालते, लिनक्स घालत नाही. संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर राहतात त्यांतील बहुसंख्य लिनक्सवरच चालत असल्याने हा घोळ घरीच उघडकीस आला हे बरे झाले. सर्व नावे लहान रोमन अक्षरांत करावीत. मजकूर मराठी असला तरी फाइलचे नाव देवनागरीत ठेवू नये, असे माझे मत आहे. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. त्यामुळे ‘द्राक्ष’ हा हलंत धरून सात चिन्हांचा एवढासा शब्द दुवा कॉपी करून पाठवताना ६३ अक्षरांचा होऊन बसतो.

आता साधनांकडे वळू. वीस पानांसाठी नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) किंवा डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या बंद कप्प्यात चालवणारे साधन) नको. प्रत्येक पानात तोच मथळा आणि तीच तळटीप हाताने बदलण्याचा कंटाळा आला असेल, तर मात्र ह्यूगो घ्यावे; मजकूर आणि साचा वेगळे ठेवून त्यांतून सगळी पाने तयार करून देणारे हे साधन आहे. त्याच प्रकारचे, २००८ साली आलेले जेकिल चांगले आहे, पण त्यासाठी रुबी ही भाषा आणि तिची ‘जेम्स’ म्हणजे जोडपॅकेजे सांभाळावी लागतात. २०१३ साली आलेले ह्यूगो ही गो भाषेत लिहिलेली एकच फाइल आहे आणि एकदा घेतली की पाने तयार करताना इंटरनेटची गरज उरत नाही. मिंटच्या भांडारातील आवृत्ती पुष्कळदा जुनी असते आणि नव्या थीम तिच्यावर अडतात, म्हणून प्रकल्पाच्या अधिकृत पानावरून ‘एक्स्टेंडेड’ प्रकारचे डेब पॅकेज उतरवून बसवावे. नवे पान लिहूनही दिसत नसेल, तर गोंधळू नये : ह्यूगो प्रत्येक नव्या पानावर मसुद्याची खूण घालते आणि सर्व्हर चालवताना मोठा ‘डी’ जोडल्याशिवाय मसुदे दाखवत नाही. प्रकाशित करण्यापूर्वी ती खूण काढावी.

संपादक म्हणून या लॅपटॉपवर जीनी पुरेसे हलके आहे. फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे गिट मात्र पहिल्या दिवसापासून असावे; फक्त ह्यूगोने तयार केलेले ‘पब्लिक’ फोल्डर त्यातून वगळावे, कारण ते केव्हाही पुन्हा तयार होते. मराठी टंकनासाठी आयबस आणि एम१७एन हे जोडपॅकेज घेतल्यास इन्स्क्रिप्ट व फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात. मंडळाची जुनी पत्रके युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून एकदा डोळ्यांखालून घालावीत. जोडाक्षरे आणि रफार तिथे हमखास बिघडतात.

प्रश्न : ह्यूगोवर चालू असलेले संकेतस्थळ घरातल्याच फोनवर कसे पाहावे?
— एक वाचक, कराड (जि. सातारा)

उत्तर : ह्यूगोचा सर्व्हर एरवी फक्त त्याच लॅपटॉपला उत्तर देतो. ‘बाइंड’ या पर्यायाला चार शून्यांचा (०.०.०.०) पत्ता दिला की त्याच वायफायवरील फोनही लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावर, १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर पाने मागू शकतात. मात्र सोबत ‘बेसयूआरएल’ म्हणजे संकेतस्थळाचा मूळ पत्ता या पर्यायात तोच आयपी पत्ता द्यावा. अन्यथा पहिले पान उघडते आणि त्यातील दुवे फोनला पुन्हा लोकलहोस्टकडे, म्हणजे फोनकडेच, पाठवतात.