वाचकांचे प्रश्न : कॉफीच्या महागड्या यंत्राचा हप्ता कोण फेडणार?

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ नाशिकला वीस-पंचवीस खुर्च्यांचे स्पेशालिटी कॉफीचे दुकान काढत आहोत. बिया चिकमगळूरच्या मळ्यांतून थेट घेणार आहोत आणि एस्प्रेसो यंत्राची सोय झाली आहे. काळ्या कॉफीसाठी मात्र एका विक्रेत्याने एकेक कप आपोआप गाळून देणारे यंत्र सुचवले असून, त्याची किंमत कर धरून १२ लाख रुपये आहे. पाण्याचे तापमान अर्ध्या अंशापर्यंत अचूक राहते आणि प्रत्येक बीची कृती त्यात साठवता येते. भाऊ म्हणतो की, असे यंत्र नसेल तर स्पेशालिटी म्हणवून घेऊ नये. मला हाताने गाळलेली कॉफी पुरेशी वाटते. आपले मत काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा वाद तुमच्या घरातला असला तरी तो नवा नाही. सिॲटलच्या कॉफी इक्विपमेंट कंपनीने क्लोव्हर नावाचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा अमेरिकेतल्या नावाजलेल्या दुकानांत हेच बोलणे चालले होते. किंमत सुमारे ११,००० डॉलर. वरून मोजून पाणी पडे, बारिस्ता म्हणजे कॉफी करणारा ढवळून घेई, काही सेकंद मुरू दिले की खालचा दट्ट्या वर सरके आणि त्याच्याखाली निर्माण झालेल्या पोकळीमुळे कॉफी धातूच्या बारीक जाळीतून खाली ओढली जाई. शेवटी दट्ट्या पार वरच्या काठापर्यंत येई आणि चोथ्याची सपाट चकती रबरी पट्टीने बाजूला सारली जाई. सारे काम मिनिटाभरात उरके. पाहणारा भारावून जाई, यात नवल नाही. २००८ साली स्टारबक्सने ती कंपनीच विकत घेतली आणि स्वतंत्र दुकानांना नवे यंत्र मिळेनासे झाले. त्या दुकानांचे पुढे काय झाले? ती बंद पडली नाहीत. त्याच सुमारास जपानी बनावटीची शंकूच्या आकाराची गाळणी आणि बारीक चोचीची किटली घेऊन त्यांतली बरीचशी हाताने कॉफी गाळू लागली, आणि स्पेशालिटी कॉफीची आजची ओळख बऱ्याच अंशी त्याच गाळणीने घडवली. तेव्हा यंत्राशिवाय स्पेशालिटी नाही, हे तुमच्या भावाचे म्हणणे इतिहासाला धरून नाही. स्पेशालिटी हा दर्जा मुळात बीला मिळतो, चाखणीत शंभरपैकी ऐंशी किंवा अधिक गुण पडले तर.

आता हिशेबाकडे वळू, कारण खरा निकाल तिथेच लागतो. १२ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,००० रुपये बसतो. देखभाल, पाण्याची फिल्टरे आणि वीज यांचे चार हजार त्यात धरा, म्हणजे दिवसाला एक हजार रुपये झाले. दिवसाला काळ्या कॉफीचे वीस कप विकले गेले, तर प्रत्येक कपावर यंत्राचा भार पन्नास रुपये पडतो. शंभर कप गेले, तर दहा. नव्या दुकानात बहुतेक गिऱ्हाइके कॅपुचिनो आणि कोल्ड कॉफी मागतात, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल, म्हणून वीसचा आकडा मी हात आखडून धरलेला नाही.

यंत्र वाचवते काय, तर माणसाचा वेळ. हाताने एक कप गाळायला चार मिनिटे धरली, तर वीस कपांना ऐंशी मिनिटे लागतात. महिना वीस हजार पगाराच्या मुलाचा तास साधारण शंभर रुपयांना पडतो, म्हणजे एक हजार रुपये खर्चून आपण सव्वाशे-दीडशे रुपयांची मजुरी वाचवली. सिॲटलमध्ये २०२५ साली किमान वेतनच ताशी २० डॉलरच्या वर होते. तिथे त्याच ऐंशी मिनिटांचे दोन हजारांहून अधिक रुपये होतात आणि यंत्र आपला हप्ता आपणच फेडते. परदेशी दुकानदाराची प्रशस्ती वाचून इथे यंत्र घेणाऱ्यांच्या लक्षात नेमका हाच फरक येत नाही.

अर्ध्या अंशाच्या अचूकतेबद्दलही थोडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० साली ८७, ९० आणि ९३ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांवर ठिबक पद्धतीची कॉफी करून प्रशिक्षित चाखणाऱ्यांपुढे ठेवली. कॉफीचा कडकपणा आणि उतरलेल्या अर्काचे प्रमाण सारखे ठेवले, तेव्हा तापमानामुळे चवीत पडणारा फरक अगदी थोडा निघाला. तीन अंशांनी जिथे फारसे बिघडत नाही, तिथे अर्ध्या अंशासाठी लाखो रुपये मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

चव खरोखर हलते ती दोन ठिकाणी. पहिले ठिकाण ग्राइंडर. त्याची पाती झिजलेली असली की पुडीत भरड कण आणि पीठ दोन्ही निघतात. पिठातून कडवटपणा लवकर उतरतो, भरड कण अर्धेकच्चे राहतात आणि एकाच कपात आंबट व कडू अशा दोन्ही तक्रारी येतात. कोणतेही यंत्र पुढे हे दुरुस्त करू शकत नाही. दुसरे ठिकाण पाणी, कारण काळ्या कॉफीच्या कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक पाणीच असते. बोअरवेलचे जड पाणी फळासारखा आंबटपणा मारून टाकते, तर आरओचे पूर्ण निर्जीव पाणी कॉफीला बोथट करते. थोडे क्षार परत मिसळणारी व्यवस्था लागते आणि तिचा खर्च या यंत्राच्या मानाने किरकोळ आहे. चांगला ग्राइंडर, पाण्याची ही व्यवस्था, दोन किटल्या, चार गाळण्या आणि वजनकाटे एवढे सामान १२ लाखांच्या निम्म्याहून बरेच कमी पैशांत येईल. उरलेली रक्कम पहिल्या वर्षाच्या भाड्यासाठी बाजूला ठेवा.

एस्प्रेसो यंत्राला मात्र हा न्याय लावू नका. संध्याकाळच्या गर्दीत ओळीने दहा कॅपुचिनो करताना वाफेचा दाब टिकला नाही, तर दूध नीट फेसाळत नाही आणि गिऱ्हाईक ताटकळते. तिथे केलेली काटकसर रोज गल्ल्यात दिसते.

विक्रेता फारच आग्रह करत असेल, तर त्याला एक अट घाला. तुमचीच बी, तुमचेच पाणी. तीन कपांपैकी दोन यंत्राचे आणि एक हाताने गाळलेला, किंवा याच्या उलट, आणि वेगळा कप कोणता हे भावाने खुणा न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतेच, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा घ्या.

प्रश्न : पुण्यात माझे दुकान तीन वर्षे चालू आहे. हाताने गाळण्यात तरबेज असलेली दोन मुले एकामागून एक सोडून गेली. आता कॉफी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरीच लागते, असे नेहमीचे ग्राहक सांगतात. अशा वेळी यंत्र घेणे योग्य ठरेल का? (एक दुकानदार, पुणे)

उत्तर : यंत्राच्या बाजूने जे काही बोलता येते, त्यात हा मुद्दा सर्वांत भक्कम आहे. माणूस जातो, कृती यंत्रात राहते. दिवसाला ऐंशी-शंभर कप काळी कॉफी जात असेल, तर तुम्ही यंत्राचा गंभीरपणे विचार करा, असेच मी सांगेन. त्याखाली विक्री असेल, तर आधी बॅच ब्रूअर बघा. एका वेळी दोनेक लिटर कॉफी गाळून थर्मासमध्ये उतरवणारे हे साधे यंत्र स्पेशालिटीवाल्यांना उगाच कमीपणाचे वाटते. प्रत्यक्षात लिटरला ५५ ते ६० ग्रॅम पूड मोजून घातली आणि तासाभरापेक्षा जुनी कॉफी निर्दयपणे ओतून दिली, तर सकाळ-संध्याकाळचा फरक बराच मिटतो. हाताने गाळलेला कप महाग बीसाठी राखून ठेवा आणि १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम पाणी, तीन मिनिटे अशी कृती काउंटरमागे चिकटवा. वजनकाट्याकडे न पाहता पाणी ओतणारा मुलगा कितीही अनुभवी असो, त्याला काट्याची सवय लावा. आधीची मुले का सोडून गेली, हेही एकदा विचारून पाहा. यंत्राच्या एका हप्त्याइतकी रक्कम दोघांच्या पगारात वाटली असती, तर कदाचित हा प्रश्न आलाच नसता.

प्रश्न : बंद पडलेल्या कॅफेचे परदेशी बनावटीचे यंत्र निम्म्या किमतीत मिळत आहे. घ्यावे का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बाहेरून चकाकते यावर जाऊ नका, बॉयलर उघडून दाखवायला सांगा. हीटरवर क्षारांचा पांढरा थर जाड बसला असेल, तर ते यंत्र जड पाण्यावर चालले आहे आणि झडपांतही तेच असणार. सुटे भाग कोण देतो, कारागीर कुठून येतो आणि तुमच्या गावी पोहोचायला त्याला किती दिवस लागतात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तो टाळाटाळ करू लागला, तर निम्मी किंमतही जास्तच समजा.