दोन वर्षांपासून मान, खांदा आणि उजवा हात दुखतोय. मानेचा पट्टा, गोळ्या झाल्या. एक्स-रेमध्ये स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) सांगितलंय. आता एमआरआय काढू का?

काढा, पण त्याआधी कुणीतरी तुमचा हात नीट तपासलाय का? पट्टा झाला, गोळ्या झाल्या, एक्स-रे झाला, एवढंच तुम्ही लिहिलंय. मी अंबाजोगाईला ब्लाऊज शिवते. मलाही एका दवाखान्यात फिल्म उजेडाला धरून 'मणक्यात गॅप' सांगितला, हाताला कुणी हात लावला नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर खूप जणांच्या मानेत झीज दिसते, ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्याही. एमआरआयचंही तेच. झीज दिसली म्हणून कळ तिथूनच येते असं नाही.

डॉक्टरांपुढे 'सगळा हातच दुखतो' म्हणू नका (आपल्याकडं सगळे तेच म्हणतात). मुंग्या कोणत्या बोटात येतात ते चार दिवस बघा, लिहून ठेवा. मानेतली सहावी नस दबली तर साधारण अंगठ्याकडं मुंग्या येतात, सातवी दबली तर मधल्या बोटात, आठवी दबली तर करंगळीकडं. मान दुखऱ्या बाजूला कलवून मागं नेली की हातात चमक उतरते आणि हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, असं असेल तर संशय मानेवरच.

खांद्याचं दुखणं सहसा दंडापर्यंतच राहतं. हात मागं जात नाही, शर्ट घालताना जीव जातो, असं असेल तर खांदा आखडलाय. शुगरवाल्यांना हे जास्त होतं.

तिसरी जागा मनगट, आणि तिकडं लवकर कुणाचं लक्ष जात नाही. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, करंगळी मात्र ठीक असते. मनगटात नस दबली की असं होतं, त्याला कार्पल टनेल म्हणतात. यात कळ वर खांद्यापर्यंतही चढते. माझं तेच निघालं. लातूरला एनसीव्ही केली, म्हणजे नसेला बारीक करंटचे झटके देऊन तपासतात. चरचरतं, पण सोसवतं. सोबत थायरॉइडही कमी निघालं, आणि त्यानंही ही नस दबते. रात्री मनगटाला स्प्लिंट (मनगट सरळ धरणारी पट्टी) आणि थायरॉइडची गोळी यावर माझं भागलं, मानेचा पट्टा माळ्यावर गेला.

आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. खर्चाचा प्रश्न असेल तर इथलं स्वाराती सरकारी रुग्णालय, संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नाहीतर लातूर-नांदेडचं सरकारी मेडिकल. गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. मान झटका देऊन 'बसवून' देणाऱ्याकडं मात्र अजिबात जाऊ नका, नस आधीच दबलेली असेल तर आणखी दुखापत व्हायची.

शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातो, हातातली ताकद कमी होत चाललीय, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं काही असेल तर वाट न बघता न्यूरोच्या डॉक्टरांकडं जा, तिथं एमआरआय लागतोच. ताप किंवा वजन उतरणं असेल तर तेही सांगा. आणि हातासोबत छातीत दाटून घाम फुटला तर ते मानेचं समजू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

शुगर, थायरॉइड, बी-१२ तपासलंय का? ते प्रश्नात दिसलं नाही. मुंग्या कोणत्या बोटात येतात तेही कळवा.