सरड्याची धाव कुठवर?

प्रश्न : ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ असं आपण सहज बोलून जातो. पण जिथे कुंपणच नाही अशा रानात सरडा किती लांब जातो?

उत्तर : म्हणीतलं निरीक्षण अचूक आहे, त्यातला टोमणा मात्र मला पटत नाही. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातून ऊब तयार करतं. सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी यांना ती बाहेरून घ्यावी लागते. म्हणून त्यांना लागतं काय, तर अंग शेकायला ऊन, चटका बसू लागला की सरकायला सावली, लपायला फट आणि खायला किडे. हे सगळं दहा-वीस पावलांत मिळत असेल तर पुढे कशाला जायचं? उलट, ओळखीची फट सोडून उघड्यावर जाणं म्हणजे पक्ष्याच्या चोचीत जाणं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातलं आहे. तिथे पिग्मी ब्लूटंग नावाची वीतभर लांबीची सापसुरळी राहते. १९५९ नंतर ती कुणाला दिसली नाही, आणि नामशेष झाली असंच सगळे धरून चालले होते. १९९२ मध्ये बर्रा गावाजवळ रस्त्यावर एक मेलेला साप मिळाला. त्याच्या पोटात ही सापसुरळी निघाली! मग शोध सुरू झाला आणि जिवंत सापसुरळ्या सापडल्या त्या कोळ्यांनी खणलेल्या अरुंद, उभ्या बिळांत. बिळाच्या तोंडाशी डोकं काढून बसायचं, नाकतोडा टप्प्यात आला की झडप घालायची आणि पुन्हा आत. हिची धाव बिळाच्या तोंडापर्यंत!

पण त्या बिळासाठी कोळी हवा, आणि कोळ्यासाठी कधी नांगर न लागलेली गवताळ जमीन हवी. नांगर फिरला की कोळी जातो, बीळ जातं आणि सापसुरळीही जाते. एखाद्या प्राण्याचं घर किती लहान असू शकतं आणि ते किती सहज मोडतं, हे मला या सापसुरळीने शिकवलं.

प्रश्न : वाळवंटात सरडे असतात हे माहीत आहे. बर्फाच्या प्रदेशातही असतात का?

उत्तर : असतात, आणि फार हिकमतीने राहतात. युरोपात आणि उत्तर आशियात एक छोटा तपकिरी सरडा आहे, झूटोका विविपारा. तो आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला पोहोचला आहे. तिथल्या थंड मातीत अंडी घातली तर ती उबणारच नाहीत, म्हणून मादी ती पोटातच ठेवते आणि स्वतः उन्हात पडून राहते. जिथे ऊन सरकेल तिथे ती सरकते. म्हणजे अंड्यांचं घरटं उन्हामागे चालत असतं म्हणा ना. शेवटी पिल्लंच बाहेर येतात. याच जातीचे दक्षिणेकडचे काही सरडे, उदाहरणार्थ उत्तर स्पेनमधले, अजूनही अंडी घालतात. एकाच जातीत दोन्ही तऱ्हा आहेत, आणि त्यामागे हवामानाचा मोठा हात आहे.

उंचीचं म्हणाल तर पेरूच्या अँडीज पर्वतात लिओलेमस गटातला सरडा ५,४०० मीटरवर नोंदला गेला आहे. तिथे हवा गार असली तरी ऊन प्रखर असतं, आणि तापलेल्या खडकावर पोट टेकलं की सरड्याचं काम भागतं.

प्रश्न : समुद्रात राहणारा सरडा आहे असं वाचलं. हे खरं आहे का?

उत्तर : समुद्रात जेवतो, राहतो किनाऱ्यावर. गॅलापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना पाण्याखालच्या खडकांवरचं शेवाळ खरवडून खातो. असं करणारा आजच्या काळातला हा एकच सरडा. मोठे नर खोल बुडी मारतात. माद्या आणि लहान इग्वाना बहुतेक वेळा ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरच चरतात, कारण लहान अंग पाण्यात लवकर गारठतं. पाणी थंड, त्यामुळे चरून आलेला इग्वाना सुस्त पडलेला असतो. मग काळ्या लाव्हाच्या खडकावर हातपाय पसरून, एकमेकांच्या अंगावर पडून ही मंडळी तासन् तास ऊन खातात. पोटात गेलेलं जादा मीठ नाकाजवळच्या ग्रंथींतून शिंकून टाकतात. ते डोक्यावरच उडून वाळतं आणि डोकी पांढरी दिसतात.

चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये तिथे गेला होता. त्याने एका इग्वानाला उचलून ओहोटीनंतर उरलेल्या खोल डबक्यात फेकलं. तो पोहत सरळ परत आला. पुन्हा फेकलं, पुन्हा आला. डार्विनने याचा अर्थ असा लावला, की समुद्रात शार्कची भीती असते आणि किनाऱ्यावर त्याला शत्रूच माहीत नाही, म्हणून तो जमिनीकडेच धावतो. मला त्यात उन्हाची ओढही दिसते. ज्याचं अंग पाण्यात निवत जातं, तो खडकाकडेच परतणार.

एल निन्योच्या वर्षी पाणी कोमट होतं आणि ते शेवाळ मरतं. तेव्हा उपाशी इग्वाना केवळ रोडावत नाहीत, त्यांच्या अंगाची लांबीसुद्धा कमी होते, काहींची तर २० टक्क्यांपर्यंत. चांगले दिवस आले की ते पुन्हा वाढतात. हाडं असलेल्या प्राण्याने असं करावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

प्रश्न : सरडा लपण्यासाठी रंग बदलतो ना?

उत्तर : थोडाफार. पण रंग बदलणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या शॅमेलिऑन या सरड्याचे भडक रंग बहुधा दुसऱ्या शॅमेलिऑनसाठी असतात. मादीला ‘मी इथे आहे’ आणि नराला ‘चालता हो’ हे तो रंगांतून सांगतो. गार सकाळी गडद होऊन जास्त ऊन शोषून घेणं हाही एक उपयोग.

प्रश्न : सरड्यांना ऊन आवडतं, तर पृथ्वी तापल्यावर त्यांचं भलंच होईल, नाही का?

उत्तर : हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते. ऊन हवं म्हणजे कितीही ऊन चालतं असं नाही. नामिब वाळवंटातला एक सरडा पाहा. वाळू तापू लागली की तो पुढचा एक पाय आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय उचलून धरतो, मग दुसरी जोडी. तेही सोसवेना झालं की डोकं खुपसून वाळूतच शिरतो. वाळवंटात जन्मलेल्याची ही गत.

आणि आत शिरलेल्याला खाता येत नाही. खरी मेख इथे आहे. सरडा भाजून मरतो असं क्वचितच घडतं. तो सावलीत बसून राहतो आणि उपाशी पडतो. मेक्सिकोत स्केलोपोरस गटातले ४८ जातींचे सरडे जिथे पूर्वी नोंदले होते, अशा २०० ठिकाणी संशोधक पुन्हा गेले. त्यांचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १९७५ नंतर त्यांतल्या १२ टक्के ठिकाणांहून सरडे नाहीसे झाले होते. विणीच्या हंगामात, वसंतातच इतकं तापू लागलं होतं की माद्यांना अंड्या-पिल्लांसाठी पुरेसं खायला वेळच उरत नव्हता. डोंगरावरच्या जातींना तर वर सरकायलाही जागा नसते. दिवसातले चार तास कमी होणं आपल्या लक्षातही येणार नाही. सरड्यासाठी तेवढ्यात आख्खी पिढी जाते.

प्रश्न : मी सहावीत आहे. मी दगड उचलला तर खाली सापसुरळी होती. मी तिला धरलं आणि तिची शेपटी तुटून वळवळायला लागली. ती मेली असेल का?

उत्तर : बहुतेक नाही. शेपटी तिने स्वतःच सोडली. शेपटीतल्या मणक्यांमध्ये तुटण्यासाठी आधीच फटी असतात आणि तुटल्यावर तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्यामुळे रक्त फारसं जात नाही. शत्रू वळवळणाऱ्या शेपटीकडे बघत बसतो आणि ती निसटते. तू तिला शत्रू वाटलास, इतकंच. नवी शेपटी येईल, पण तिच्यात मणके नसतील, कूर्चेची कांडी असेल. शेपटीत साठवलेली चरबी मात्र गेली, म्हणून तिला पुढचे काही आठवडे जरा जड जातील.

यापुढे उचललेला दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेव. आधी प्राण्याला बाजूला होऊ दे, नाहीतर तो खाली चिरडेल. त्या दगडाखालची ओल आणि फट जमायला फार दिवस लागलेले असतात. पुन्हा तिथे गेलास तर लांब बसून, न हलता वाट पाहा. नव्याने आलेल्या शेपटीचा रंग बऱ्याचदा जुन्या भागाहून वेगळा दिसतो. त्यावरून तुझी सापसुरळी तुला ओळखता येईल.